कागद तरले, भिंती बुडाल्या

मराठी माणसाला इतिहासाची आवड आहे असे सांगणे म्हणजे माशाला पाण्याची आवड आहे असे सांगण्यासारखे आहे. गिरगावातल्या उरल्यासुरल्या इराण्याकडे दोन पेन्शनर समोरासमोर बसू द्या. चहा निवण्यापूर्वी पानिपत आणखी एकदा लढले जाते, भाऊसाहेबांनी हत्तीवरून उतरायला नको होते असा निकाल लागतो, आणि बिल कोणी द्यायचे एवढा एकच प्रश्न अनिर्णित राहतो. लालबागच्या नाक्यावरच्या पोरांना गडांची नावे तोंडपाठ असतात. दादरला पुस्तकांच्या दुकानात शिरलात तर ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या थप्पीला अडखळल्याशिवाय आत जाता येत नाही. (त्या थप्पीत माझ्याही हातची एकदोन पापे आहेत, तेव्हा हे मी परक्याच्या अंगणात उभा राहून बोलत नाही.)

पण या सर्व मंडळींना एक साधा प्रश्न विचारून पाहा. पेशवाईतला निळा रंग कसा होता? शेवाळी होता, की मोरपिशी, की धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा? त्या काळच्या चिताऱ्याने गणपतीची सोंड कोणत्या बाजूने वळवली, कृष्णाच्या भोवतालच्या गोपींना लुगडी नेसवली की घागरे? पाहा, पानिपतावर तासभर बोलणारा मनुष्य इथे एकदम घड्याळाकडे पाहू लागतो. कारण इतिहास आपण कानांनी ऐकतो आणि तोंडाने सांगतो. डोळ्यांनी पाहण्याची वस्तू म्हणून तो आपल्याला कोणी दाखवलेलाच नाही, आणि आपणही कधी हट्ट धरलेला नाही.

या न पाहण्याचा परिणाम कुठे पाहायचा असेल तर फार लांब जायला नको. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईची किती तरी कुटुंबे वाईला ढोल्या गणपतीला नमस्कार करून पसरणीचा घाट चढतात आणि पाचगणी-महाबळेश्वर गाठतात. वाईहून घाटाकडे न वळता कृष्णेच्या काठाने तीनएक किलोमीटर वर गेले की मेणवली लागते. १७६८ साली हे गाव नाना फडणविसांना मिळाले आणि नानांनी तिथे नदीला घाट बांधला, देवळे बांधली आणि स्वतःसाठी वाडा बांधला. सहा चौकांचा वाडा, त्याच्या पाठीशी दगडी घाट, घाटावर मेणेश्वराचे देऊळ. वाडा, घाट आणि देऊळ असे एकत्र नांदणारे ठिकाण आता महाराष्ट्रात क्वचितच पाहायला मिळते. साडेतीन शहाण्यांपैकी हा अर्धा शहाणा पुण्यात बसून दिल्लीपासून श्रीरंगपट्टणापर्यंत सोंगट्या हलवीत असे. पण घर म्हणून त्याने मन लावून उभे केले ते हे. १८०० साली नाना गेले. पुढे त्यांची विधवा जिऊबाई याच गावात येऊन राहिली आणि नानांच्या मागे अर्धशतकभर जगली. त्या बाईने दिवसच्या दिवस ज्या भिंतींकडे पाहून काढले असतील, त्या भिंतींवर चित्रे आहेत.

आहेत म्हणायचे, कारण अजून पुरती गेलेली नाहीत. रंग उतरले आहेत, रेषा पुसट झाल्या आहेत, ठिकठिकाणी गिलाव्याचे पापुद्रे सुटले आहेत.

आणि येणारे पाहुणे काय पाहतात? प्रथम घंटा पाहतात. ती पाहण्यासारखी आहेच. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि मरियम व बाळ येशू आहेत. शंकराच्या दारात मरियम टांगलेली पाहून मुले हरखतात. मग पाहुणे घाट पाहतात, कारण तिथे २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ नावाच्या हिंदी चित्रपटाचे चित्रण झाले. नायक कुठे उभा होता, नायिका कुठून आली, याची माहिती आठ वर्षांच्या मुलालाही असते. त्याच जागी उभे राहून फोटो निघतात. मग भूक लागते. मग गाडी घाट चढते. अडीचशे वर्षांचे गाव एका चित्रपटाचे नेपथ्य म्हणून ओळखले जावे याचे मला फारसे दुःख नाही. चित्रपट बरा होता. पण पडद्यावरचे चित्र पाहून आलेल्या माणसाने भिंतीवरच्या चित्राकडे पाठ करून फोटो काढावा, याला काय म्हणावे?

ही चित्रे म्हणजे काय वस्तू आहे, ते थोडे सांगतो. मराठ्यांचे वैभव वाढले, घरात पैसा आला, तसे वाड्यांच्या दिवाणखान्यांतून आणि माजघरांतून भिंती रंगवण्याची हौस आली. वाईत रास्त्यांच्या मोतीबागेत चित्रे आहेत, जोशी वाड्यात आहेत. अहिल्याबाईंच्या चांदवडच्या रंगमहालात आहेत. पुण्याच्या शनिवारवाड्यात तर रामायण-महाभारताच्या चित्रांनी महाल भरलेले होते. १८२८ च्या फेब्रुवारीत वाडा जळाला तेव्हा ती सारी राख झाली, आणि दिल्ली दरवाज्याच्या भिंतीवर पुसट खुणा काय त्या उरल्या. विषय बहुधा घरगुती. रिद्धिसिद्धींसह गणपती, दशावतार, कृष्णलीला, रामाचा दरबार. मध्येच वीणा घेतलेली एखादी स्त्री, मध्येच पोपट. हात कधी राजस्थानी वळणाचा, कधी दख्खनी, आणि बरेचदा इथल्याच मातीचा: डोळे मोठे, नाक सरळ, कंबर मात्र राजस्थानी बाईइतकी नाजूक नाही. आपल्या बायका आहेत तशा.

भिंतीवर चुन्याचा गिलावा, तो घोटून गुळगुळीत केलेला. तो वाळला की गेरूने रेखाटन. मग डिंकात वा सरसात कालवलेले रंग: गेरू, पिवडी, काजळी, नीळ, हिंगूळ. म्हणजे रंग भिंतीच्या अंगावर बसलेला असतो, पोटात मुरलेला नसतो. ओल्या फडक्याने पुसला तर फडक्याबरोबर येतो. भाविक गृहिणीने दिवाळीच्या साफसफाईत केवळ चांगल्या बुद्धीने एखादा अवतार पुसून टाकावा, इतका तो नाजूक.

आणि त्याचा खरा वैरी कोण, हे चाळीत वाढलेल्या वाचकाला मी काय सांगणार? ओल! आपण आयुष्यभर ओलीशी संसार केलेली माणसे आहोत. कोपऱ्यातला तो नकाशासारखा डाग, त्याच्यावर लावलेले कालनिर्णय, आणि श्रावणात कालनिर्णयाच्याही खालून पसरलेला ऑस्ट्रेलिया. वाड्यातही हेच होते. माकड एक कौल सरकवते. त्या फटीतून पाणी भिंतीच्या माथ्यात उतरते. भिंतीतले क्षार त्या पाण्यात विरघळतात आणि पाऊस सरल्यावर पाणी पृष्ठभागाकडून सुकू लागले की त्याच्याबरोबर बाहेर येतात. बाहेर येता येता रंगाच्या पापुद्र्याखाली त्यांचे स्फटिक होतात, फुगतात, आणि रंगाला आतून ढकलून देतात. कृष्णाचा चेहरा पाण्याने धुऊन जात नाही. तो मिठाने उचकटला जातो, आणि तोही पावसाळ्यात नव्हे, कार्तिकाच्या छान कोरड्या उन्हात.

त्यावर आपण उपाय कोणता करतो? सिमेंट. सिमेंटइतकी मराठी माणसाची श्रद्धा दुसऱ्या कशावरही नसेल. भिंत ओलसर दिसली की बाहेरून सिमेंटचा जाड थर चढवायचा. चुन्याची भिंत श्वास घेते, पाणी पिते आणि सोडते. सिमेंट तिचे नाक दाबून धरते. आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट बंद झाली की ते उरलेल्या एकाच वाटेने निघते, आतल्या बाजूने, म्हणजे नेमके चित्रातून. याउलट खरे औषध किती साधे! दर वर्षी मृगापूर्वी छप्पर शाकारणे. फुटके कौल बदलणे, पन्हळ साफ करणे, भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू न देणे. चित्रे वाचवण्याची पहिली पायरी चित्रकाराची नसून शाकारणाऱ्या गड्याची आहे. त्याची मजुरी आणि चारदोनशे कौले एवढ्यावर पुष्कळ रंग तगून राहील. पण शाकारणीला उद्घाटन नसते, फीत नसते, कोनशिला नसते. म्हणून तिला आपल्याकडे पैसा नसतो.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. आपण मुळात निष्काळजी लोक असतो तर मी हा लेख लिहिलाच नसता. आपण तसे नाही! कागदाच्या बाबतीत आपण जे केले त्याला तोड नाही. राजवाड्यांना वाईत जुनी पत्रे सापडली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यानंतर तो माणूस गावोगाव पायपीट करीत हिंडला. माळे, तळघरे, फडताळे धुंडाळली, वाण्याच्या पुड्यांत जाणारे रुमाल सोडवले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेस बसून पटवर्धनांचे दफ्तर उलगडले. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आणि मेणवली? मेणवलीच्या याच वाड्यात नानांचे खासगी दफ्तर होते. पारसनिसांच्या खटपटीने ते उजेडात आले, साताऱ्याच्या संग्रहालयात गेले, १९३९ मध्ये तिथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले, आणि अजून तिथे आहे. एक एक कपटा मोजून, सांभाळून.

म्हणजे त्याच वाड्यात माणसे गेली, कागद उचलले, छातीशी धरून बाहेर आणले. त्या कागदांच्या मागे भिंत होती. भिंतीवर चित्र होते. ते कोणाच्या लेखी इतिहासाचे साधन ठरले नाही! तुकोबांची गाथा इंद्रायणीत तरली, ही आपली सर्वांत लाडकी कथा आहे. कागद बुडणार नाही, ही आपल्या रक्तातलीच श्रद्धा. चित्र तरल्याची मात्र एकही कथा आपल्याकडे नाही.

मी त्या थोर संशोधकांना दोष देत नाही. त्यांनी एका आयुष्यात चार आयुष्यांचे काम केले. पण त्यांच्या मागून आलेल्या आपण तीन पिढ्यांनी काय केले? शाळेतच पाहा ना. मी मास्तर आहे, आतली गोष्ट सांगतो. वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. सहामाही जवळ आली की तो तास गणिताचे शिक्षक उसना मागतात आणि उसना घेतलेला तास आजवर कोणी परत केल्याचे मी ऐकलेले नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले बसतात, नाही असे नाही. स्थिरचित्रातला तांब्या आणि दोन केळी इमानाने काढतात. पण आपल्या पूर्वजांनी भिंतीवर काय काढले ते त्यांना एकदाही दाखवले जात नाही. मी एकदा सहलीत मुलांना त्या बाजूला नेले. एकाने विचारले, “सर, वाडा नानांनी बांधला. हे कोणी काढलं?” मी म्हटले, “नाव माहीत नाही.” तो म्हणाला, “मग नानांच्या कागदांत बघा ना!” सातवीतला मुलगा. संशोधनाची पद्धत त्याला बरोबर कळली होती. पण नानांच्या हिशेबी जगात चितारी हा मजुरीचा धनी. त्याच्या नावाचे पोवाडे कोण रचणार?

त्या काळातला एक चितारी मात्र नावानिशी आपल्याला ठाऊक आहे, आणि तो का ठाऊक आहे हे ऐकण्यासारखे आहे. १७९२ च्या सुमारास जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. त्याने सवाई माधवराव आणि नाना यांची चित्रे काढली; नानांचा तो उंच, सडसडीत, सावध चेहरा आज आपल्या डोळ्यांपुढे येतो तो बव्हंशी वेल्समुळे. त्या वेळी इंग्रज वकील मॅलेट याच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा निघाली आणि तिच्यात गंगाराम तांबट नावाचा मराठी तरुण तयार झाला. वेरूळची लेणी त्याने कागदावर उतरवली, आणि काय उतरवली! त्याची ती चित्रे आज अमेरिकेत येल येथे सुरक्षित आहेत. गंगारामाने भिंतीवर काढले असते तर तोही बेवारशी गेला असता. त्याने कागदावर काढले, तो कागद साहेबाने नेला, म्हणून तो उरला.

नानांच्या अब्रूची आपल्याला चाड नाही, असेही नाही बरे का! १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले. तेंडुलकरांनी नानांना विकृत रंगवले म्हणून केवढे रान उठले! १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवावे लागले. पुढे १९८० साली ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा पुन्हा गदारोळ. तेंडुलकरांनी बरोबर केले की चूक, यावर आजही दोन मराठी माणसांत कडाक्याचे भांडण लावता येते. मी लावणार नाही, दिवाळी आहे. मला एवढेच विचारायचे आहे, की नानांच्या बदनामीने ज्यांचे पित्त खवळले आणि नानांच्या विटंबनेने ज्यांना कलास्वातंत्र्याचा आनंद झाला, त्या दोन्ही पक्षांतल्या किती जणांनी मेणवलीस जाऊन नानांच्या घराचे छप्पर गळते का ते पाहिले? रंगमंचावरच्या नानांसाठी रक्त सांडायला तयार असलेली माणसे घरातल्या नानांसाठी चार कौले देत नाहीत.

आता माझ्याविरुद्धचे आक्षेप. ते मला पाठ आहेत, कारण शिक्षकांच्या खोलीत ते रोज ऐकतो.

पहिला: “पेशव्यांचा वाडा! ज्या राजवटीने माणसांना माणूस म्हणून वागवले नाही, तिच्या कारभाऱ्याचे दिवाणखाने आम्ही का जपायचे?” हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. परळच्या शाळेत शिकवणाऱ्याने तो हसण्यावारी नेला तर त्याने मास्तरकी सोडावी. ज्यांच्या आजोबांच्या आजोबांना त्या वाड्याच्या दारातूनही आत घेतले नसते, त्यांची मुले माझ्या वर्गात बसतात. पण नीट पाहू या. नानांना जपण्याची गरजच नाही. नाना हजारो कागदांत जपले गेले आहेत, नाटकात आहेत, कादंबरीत आहेत, पाठ्यपुस्तकात आहेत. भिंत पडली तर नानांचे काहीही जात नाही. जाते ते ज्याने रेघ ओढली त्याचे. गवंड्याचे, चुना घोटणाऱ्या मजुराचे, जिनगराचे, चिताऱ्याचे. त्यांच्या पाठीशी दफ्तर नाही, वंशावळ नाही, सनद नाही. त्यांची सही म्हणजे ती सोंडेची वळलेली रेघ. ज्यांना इतिहासाने नाव दिले नाही त्यांच्या बाजूने आपण आहोत असे म्हणता ना? मग त्यांचा एकुलता एक पुरावा पेशव्यांचा म्हणून का बुडवता? आणि पेशवाईचा अभिमान मिरवणाऱ्यांनाही मी हेच विचारीन: तुम्हांला अभिमान कशाचा आहे, घराण्याचा की हाताचा?

दुसरा आक्षेप: “वाडा खासगी आहे, वारस आहेत, त्यांनी पाहावे.” वाडा नानांच्या वंशातल्या मंडळींकडे आहे हे खरे, आणि तो आज उभा दिसतो तो घरच्यांनी सांभाळला म्हणूनच. पण सहा चौकांचे छप्पर शाकारायचे म्हणजे काय, याचा हिशेब गिरगावातल्या एका चाळीची मालकी असलेल्या कोणाही माणसाला विचारा. घर वारशाने येते, उत्पन्न येत नाही. खोल्या वाढत नाहीत, वारस वाढतात. राज्य स्थापन झाले त्याच साली, १९६० साली, प्राचीन स्मारकांचा अधिनियम लिहिला गेला. पण मेणवलीला तूर्त कायद्याची नवी बेडी नको, दर वर्षी मृगाआधी मदतीचा एक हात हवा आहे. लखनौला संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. ते लांब वाटत असेल तर आपल्या मुंबईत, काळ्या घोड्यापासून हाकेच्या अंतरावर, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रांवर उपचार करणारे तज्ज्ञांचे केंद्र आहे. वैद्य घरात आहे. रोग्याला त्याच्याकडे नेणारा कोणी नाही.

तिसरा आक्षेप नवा आहे आणि तरुणांचा आहे: “मास्तर, एवढे कशाला? चांगले फोटो घ्या, यंत्राने मोजमाप घ्या, सगळे संगणकात राहील. भिंत पडली तर पडली.” याला उत्तर म्हणून मी त्यांना अजिंठ्याची गोष्ट सांगतो. मेजर गिल याने वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग आपल्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्ससाहेब १८७२ पासून मुंबईच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जाऊ लागले. धोबी तलावाच्या बाजूची, भायखळ्याच्या बाजूची ती पोरे वर्षामागून वर्षे त्या अंधारात बसून रेघ न् रेघ उतरवत होती. ते कामही लंडनला गेले, आणि १८८५ साली तिथल्या संग्रहालयाला लागलेल्या आगीत त्यातलेही बरेच जळाले. नकला दोनदा जळाल्या. गळकी, वटवाघळांनी भरलेली, जंगलातली भिंत मात्र अजून उभी आहे. नक्कल अवश्य करावी. पण नक्कल केली म्हणून अस्सल सोडून देणारा मनुष्य म्हणजे आईचा फोटो काढून झाला म्हणून औषध बंद करणारा मनुष्य.

त्याच अजिंठ्याने आणखीही एक शिकवले आहे. ग्रिफिथ्सने नकला करताना चित्रे उजळावीत म्हणून वर रोगण दिले. पुढे १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटलेले पापुद्रे बसवले हे उत्तम केले, पण वर लाखेचे रोगण दिले. ते रोगण काळाने पिवळे पडले, आणि मूळ निळा-पांढरा त्या पिवळ्या पडद्याआड गेला. तो पडदा काढता काढता पुढच्या पिढ्यांतल्या रसायनज्ञांच्या नाकी नऊ आले. तेव्हा मेणवलीसाठी वर्गणी जमवून कोणी उत्साही मंडळ ऑइलपेंटचे डबे घेऊन निघाले असेल तर त्यांना वाईच्या पुलावरच अडवा. पुसट गणपती पुसटच राहू द्या. त्याचे गेलेले अर्धे तोंड नव्याने रंगवणे म्हणजे उरलेले अर्धे मारणे.

आणि पैसा नाही असे तर मला कोणी सांगूच नये. लालबाग-परळात भाद्रपदात फिरून या. संपूर्ण राजवाडे उभे राहतात! पूर्वी थर्माकोलचे होत. २०१८ च्या बंदीनंतर प्लायवूड, कापड आणि कागदाचे होतात. खांबांवर नक्षी, छताला झुंबरे, आणि भिंतींवर, लक्षात घ्या, भिंतींवर हाताने काढलेली चित्रे. पाहायला तासन्‌तास रांगा लागतात. दहा दिवसांनी सगळे मोडून टेंपोत घातले जाते. मी या उत्सवाचा द्वेष्टा नाही, त्याच गल्ल्यांतून लहानाचा मोठा झालो. मला त्यात एकच गोष्ट दिसते. मराठी माणसाला चित्रांकित वाडा आवडतो. तो पाहण्यासाठी तो पावसात उभा राहतो, वर्गणी देतो. आणि तो रंगवणारे हातही त्याच्याकडे आहेत. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, त्या पडद्यांच्या वंशातले हे हात. यातल्या चारदोन मंडळांनी एका वर्षाच्या सजावटीतला दहावा हिस्सा बाजूला काढला आणि आपल्यातले पाचसहा तरुण रंगारी तज्ज्ञांच्या हाताखाली सहा महिने शिकायला ठेवले, तर वाई-मेणवलीच्या भिंतींना हवी ती माणसे मिळतील. खोटा वाडा दहा दिवस उभा करणाऱ्या हातांना खरा वाडा दहा वर्षे उभा ठेवणे अवघड का जावे?

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. दोन्ही वेळा मला मनापासून आनंद झाला. मी वर्गात पेढे वाटले. पण भाषा म्हणजे कागद आणि किल्ला म्हणजे दगड. कागदाला वाली आहे, दगडाला आता जग वाली झाले. राहिला तो मधला चुन्याचा पातळ थर, नखाएवढ्या जाडीचा.

जाता जाता वाचकांकडे एक मागणे आहे आणि ते मी फुकटचे मागतो आहे. तुमच्या घरात जुने अल्बम असतील. आजी-आजोबा लग्नानंतर महाबळेश्वरला गेले होते, काकांची सहल वाईला गेली होती, कॉलेजच्या मुली मेणवलीच्या वाड्यात ओळीने उभ्या राहिल्या होत्या. या दिवाळीत फराळ आटोपल्यावर तो अल्बम काढा, आणि एकदा माणसांकडे न पाहता त्यांच्या पाठीमागे पाहा. कुठे सोंड दिसते का, मोराचा पिसारा दिसतो का, महिरपीची वेलबुट्टी दिसते का. फोटो काळापांढरा असला तरी चालेल. रंग नाही तरी रेघ मिळते, आणि अमुक साली इथवर गिलावा शाबूत होता एवढे कळले तरी उपचार करणाऱ्याला ते सोन्याच्या मोलाचे असते. असा फोटो मिळाला तर अल्बममधून उपटून काढू नका, कोपरे फाटतात. आहे तसाच त्याचा फोटो घ्या. साल माहीत असलेली वडीलधारी व्यक्ती घरात असेल तर तिला आत्ताच विचारा, आणि साल, गाव, वाड्यातली जागा मागच्या बाजूला लिहून ठेवा. शिसपेन्सिलीने लिहा, शाई पुढे उमटते.